कॉट बेसिस

कोल्हापुरात सायबर चौकापासून शिवाजी विद्यापीठाकडे जाताना विजेच्या खांबांवरचे कागद वाचत जावं. ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा उपलब्ध. पाणी २४ तास. लाईट बिल वेगळं. फक्त शाकाहारी.’ खाली फोन नंबर, कागदाची खालची कड उभी कातरलेली, त्यातल्या चार-पाच चिठ्ठ्या कुणीतरी फाडून नेलेल्या. ज्या शहरात पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा चुलीवर चढतो, त्या शहरात ‘फक्त शाकाहारी’ हे दोन शब्द दरवेळी जेवणाबद्दलच असतात असं नाही. जागा शोधणाऱ्या पोराला हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

आणि जाहिरात खोलीचीही नसते, कॉटची असते. एका खोलीत चार कॉट, भिंतीत चार खण, चार्जिंगला एकच बोर्ड आणि त्यावरून रोजची कुरबुर. भाडं माणशी. चौथ्या कॉटवर कोण येणार हे उरलेल्या तिघांना विचारून ठरत नाही. घरमालकाचा फोन येतो आणि रात्री कुणीतरी बॅग घेऊन दारात उभा राहतो. मध्यम आकाराच्या शहरात विद्यार्थी म्हणून राहणं कसं असतं, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात: स्वस्त असतं, आणि माणसं मायाळू असतात. दोन्ही खोटी नाहीत. पण कोल्हापूरच्या तोंडी ती मला जरा लबाड वाटतात. परगावच्या पोरानं शहरात राहायचं कसं, हा प्रश्न लोकांच्या मायेवर सोडून भागत नाही, त्यासाठी जमीन, इमारत आणि कायमचं उत्पन्न बाजूला काढावं लागतं, हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत होतं.

राजाराम कॉलेज १८८० सालचं. म्हणजे शाहू महाराजांच्या हाती १८९४ मध्ये कारभार आला तेव्हा कॉलेज होतं, मास्तर होते, पुस्तकंही होती. तरी खेड्यातला कुणबी, धनगर, महार, मुसलमान पोरगा तिथं दिसत नव्हता. फीचा प्रश्न होताच, पण त्याआधीचा प्रश्न साधा होता: रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडे? ब्राह्मणाच्या मुलाला वार लावून जेवता येत होतं, नातेवाइकाच्या ओसरीवर पथारी टाकता येत होती. बाकीच्यांना शहरात ओसरीच नव्हती. सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयोगही राजाराम कॉलेजला जोडून होऊन गेला होता. कागदावर ते सर्वांचं होतं, पण व्यवहारात कारभार आणि पंगत दोन्ही ब्राह्मणांच्या हातात राहिले आणि इतरांचा तिथं शिरकाव होईना. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. जैन बोर्डिंग त्याच वर्षातलं. मग मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, पुढं शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, देवांग अशी यादी वाढतच गेली. आजही दसरा चौकात उभं राहिलं तर यातल्या काहींच्या इमारती हाकेच्या अंतरावर दिसतात. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यावरून.

यात दानधर्म होता असं म्हणणं हा महाराजांवर अन्याय आहे. त्यांनी जागा दिल्या, इमारतींना पैसा दिला, चालू खर्चासाठी उत्पन्नं लावून दिली आणि कारभार त्या त्या समाजाच्या अंगावर टाकला. दात्याचं मन बदललं तरी पोरांचं जेवण बंद पडू नये अशी ही रचना होती. सनातनी घरांकडून आपुलकीची वाट बघत बसले असते तर पन्नास वर्षं गेली असती.

जातवार बोर्डिंगांवरचा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोरगा शहरात येऊनही जातीतच राहतो, हे खरंच. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण त्याच बोर्डिंगांतून आलं. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर आंघोळ करून ‘शुद्ध’ व्हायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसतील असं वसतिगृह उभं केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहाला नाव दिलं ते शाहू महाराजांचं. जातवार बोर्डिंगातून हाकललेल्या माणसानं मिश्र वसतिगृहाला जातवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव द्यावं, यात मला विसंगती दिसत नाही. आधी डोक्यावर छप्पर, मग पंगत, असा तो क्रम होता. पहिल्या पायरीवरच थांबायचं असं महाराजांनी कुठं सांगितलं होतं?

कोल्हापूर मात्र थांबलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या काळात ‘कमवा आणि शिका’ योजनेचं विद्यार्थी भवन उभं राहिलं. शेतमजुराचं पोरगं विद्यापीठात काम करून तिथंच राहून एम. ए., एम. एस्सी. होऊ शकतं, हे त्या भवनानं दाखवलं. ही त्या परंपरेतली शेवटची मोठी भर, असं माझं मत. त्यानंतर महाविद्यालयं वाढली, इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट आलं, स्पर्धा परीक्षांचे क्लास आले. पोरं कित्येक पटींनी वाढली. त्यांच्या राहण्याचा हिशेब शहरानं केला नाही, तो राजेंद्रनगर, दौलतनगर, पाचगाव, मोरेवाडीतल्या घरमालकांनी केला. वरचा मजला चढला, खोलीत चार कॉट पडल्या. घरमालकांना दोष देण्यात अर्थ नाही. निवृत्त माणसाला भाड्याचा आधार असतो. पण गंमत बघा: जातवार बोर्डिंगात निदान ‘तुझी जागा इथं आहे’ असं सांगणारी एक पाटी होती. खाजगी खोलीच्या दारात पाटी नसते, नुसती चौकशी असते. ‘गाव कुठलं?’ ‘आडनाव?’ तिसऱ्या प्रश्नाला काही जणांसाठी जागा एकाएकी भरलेली असते.

आता मायेबद्दल. कोल्हापूरकराला आपल्या रांगड्या मायेचा फार अभिमान, आणि तो पोकळ नाही. साडेपाच लाखांचं शहर (२०११ च्या जनगणनेतला आकडा, त्यानंतर जनगणनाच झाली नाही) अशा आकाराचं असतं की दोन प्रश्नांत ओळख निघते. ‘गारगोटीचा काय? मग अमक्या सरांना ओळखत असशील.’ एवढं झालं की मेसच्या काकू शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबतात आणि झेरॉक्सवाला ‘ऱ्हाऊ दे भावा, पुढच्या टायमाला दे’ म्हणतो. पुण्यात हे अगदीच होत नाही असं नाही, पण तिथं ते नशीब असतं. इथं तो रिवाज आहे. पोरगं दोन दिवस जेवायला आलं नाही तर मेसमध्ये त्याचा खाडा मांडला जातो आणि त्याबरोबर ‘बरं नाही काय त्याला?’ अशी विचारपूसही होते. मोठ्या शहरात खोलीत तापानं फणफणून पडलेल्या विद्यार्थ्याला या विचारपुशीची किंमत विचारावी.

पण ओळखीचा हाच धागा मुलींच्या बाबतीत दावं होतो. वर्गमित्राबरोबर रंकाळ्यावर भेळ खाल्ली की बातमी राधानगरीला एसटीच्या आधी पोचते. कुणीतरी काका, कुणीतरी गाववाला, नाहीतर भावाचा मित्र असतोच. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी ठरल्या वेळेला बंद होतं आणि रात्रीचं नाटक, खासबागेतली कुस्ती, शाहू स्मारक भवनातलं व्याख्यान यांतलं बरंचसं त्यानंतर सुरू होतं किंवा त्यानंतर संपतं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत भस्मसात झालं तेव्हा सारं शहर हळहळलं, आणि ते योग्यच होतं. पण जिनं पाच वर्षं या शहरात काढली आणि त्या नाट्यगृहात रात्रीचा एक प्रयोगही पाहिला नाही अशा मुलीला विचारलं तर तिचं नाट्यगृह आगीआधीही बंदच होतं. पुण्या-मुंबईत कुणी ओळखत नाही याची पोरांना भीती वाटते. पोरींना बरेचदा त्याच गोष्टीसाठी तिथं जायचं असतं. ‘आमच्याकडे मुली सुरक्षित’ असं शहर म्हणतं तेव्हा त्यात रस्त्यावरचे दिवे किती, रात्री नऊनंतर केएमटीची बस आहे का, यातलं काही नसतं. सगळे सगळ्यांवर नजर ठेवून आहेत, एवढंच असतं. ही सुरक्षा शहराला फुकटात पडते. तिची किंमत मुली मोजतात.

म्हणून माया हे धोरण होऊ शकत नाही, असं मी म्हणतो. ती ज्याला त्याला, ज्याच्या त्याच्या मर्जीनं मिळते. ओळखीच्या आडनावाला जास्त, अनोळखीला कमी. मुलाला सूट आणि मुलीला पहारा. दिवा आणि बस आडनाव विचारत नाहीत.

स्वस्ताईचंही असंच आहे. पुण्याच्या मानानं कोल्हापुरात खोली स्वस्त, मेस स्वस्त, हे उघड आहे. सरकारही तसंच धरून चालतं. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत शहराचा वर्ग बघून रक्कम ठरते, मोठ्या शहरात जास्त आणि लहान शहरात कमी. पण ही स्वस्ताई कुणाच्या जिवावर आहे? रंकाळा स्टँडवर किंवा संभाजीनगर स्टँडवर सकाळी जाऊन उभं राहावं. गगनबावड्याकडून, राधानगरीकडून गाडी लागते. कंडक्टरच्या सीटमागं किंवा ड्रायव्हरच्या शेजारी डब्यांची रांग असते. स्टीलचे, तारेनं कडी बांधलेले, कापडी पिशवीतले. झाकणावर ऑइलपेंटनं आडनाव, नाहीतर पिशवीला गाठ मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पोरं येतात, आपापला डबा उचलतात, कालचा रिकामा ठेवतात. डबा उघडला की दोन भाकऱ्या, सुकी भाजी, खर्डा. त्यासाठी कुणीतरी बाई पहाटे साडेचारला चुलीपुढं बसलेली असते आणि तिची मजुरी या शहराच्या ‘परवडणाऱ्या शिक्षणात’ कुठं धरलेली नसते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. गाड्या नाहीत म्हणजे डबे नाहीत, आणि रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलींची तर कॉलेजंच तुटली. एखादं शहर स्वस्त आहे याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की त्याचा खर्च आसपासची खेडी भरत असतात.

या सगळ्याला एक सरळ प्रशासकीय बाजूही आहे. तिच्याबद्दल कोल्हापुरात बोलायला गेलं की भांडण लागतं. १९७२ मध्ये महापालिका झाली, त्यानंतर शहराची हद्द एकदाही वाढली नाही. भोवतालच्या गावांना पालिकेचा घरफाळा नको, शेतजमिनीवर आरक्षणं नकोत. त्यांची भीती अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. परिणाम मात्र असा की विद्यार्थी शिकतो ‘कोल्हापुरात’ आणि राहतो ग्रामपंचायतीत. रस्त्याच्या अलीकडचा दिवा पालिकेचा, पलीकडचा अंधार पंचायतीचा. चार कॉटच्या खोलीत अग्निशमनाची सोय काय, बारा पोरांना एक संडास पुरतो का, हे तपासायचं काम नेमकं कुणाचं, याचं उत्तर दोन्हीकडून ‘त्यांचं’ असंच येतं. कॉट बेसिसचा धंदा शहरभर आहे, पण दोन कारभारांच्या मधल्या या पट्ट्यात तो विशेष फोफावतो.

तीच कथा अभ्यासाच्या जागेची. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही जुनं. असा वारसा असलेल्या शहरात आज स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात ती खाजगी अभ्यासिकांत: प्लायवूडचं खुराडं, वर एक ट्यूबलाइट, महिन्याची पावती, एसी हवा असेल तर वेगळा दर. खोलीत चार कॉट असल्यावर अभ्यास होत नाही, म्हणून खुर्चीचं वेगळं भाडं. झोपायला एक भाडं आणि जागं राहायला दुसरं. पालिकेनं प्रत्येक प्रभागात रात्री बारापर्यंत उघडं राहणारं एक सार्वजनिक वाचनालय चालवलं तर किती खर्च येईल? एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा फार जास्त नसावा.

इथं कुणी म्हणेल, एवढं करून उपयोग काय, पोरं शिकतात आणि पुण्याला जातात. खरं आहे. शुक्रवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरकडं येणाऱ्या खाजगी गाड्यांत बसलं की या शहरानं शिकवलेली पिढी दोन बाय दोनच्या सीटांवर झोपलेली सापडते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांनी आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना काम दिलं, संगणकवाल्यांना मात्र हिंजवडीच गाठावी लागली. पण हे नशिबात लिहिलेलं असतं असं मानायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून वकिलांनी चाळीसेक वर्षं मागणी लावून धरली, मोर्चे काढले, कामकाज बंद ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. त्या महिन्यापासून इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचं गणित बदललं. उच्च न्यायालयात उमेदवारी करायची तर मुंबईत कुणाच्या तरी खोलीत अंग चोरून राहायची सक्ती उरली नाही. शहरात संस्था आली की तिच्याभोवती राहण्याचं कारण तयार होतं. मायेनं बोलावलं म्हणून कुणी राहत नाही, माणूस कामासाठी राहतो.

मग वकिलांची मागणी चाळीस वर्षं तगली आणि विद्यार्थ्यांची चार महिनेही का तगत नाही? वकील इथले रहिवासी आहेत, मतदार आहेत, त्यांची संघटना आहे. विद्यार्थी काही वर्षांत बदलतो आणि त्याचं नाव गावच्या मतदार यादीत असतं. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. त्याआधी नगरसेवक होते तेव्हाही कॉटवर झोपणाऱ्याच्या दारात मत मागायला कोण जाणार? ज्या खोलीत चार प्रौढ नागरिक राहतात ती खोली उमेदवाराच्या यादीत रिकामी असते.

वास्तविक शिकण्यासाठी वसतिगृहात किंवा खोलीवर राहणाऱ्याला राहत्या ठिकाणी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. निवडणूक आयोगाच्या नियमात तशी तरतूद आहे, संस्थेच्या प्रमुखाचा दाखला लागतो. महाविद्यालयांच्या खिडकीवर बोनाफाइड दाखले दरवर्षी गठ्ठ्यांनी निघतात, तिथंच मतदार नोंदणीचा अर्ज ठेवायला फार कष्ट नाहीत. खरी अडचण घरची आहे. ग्रामपंचायतीचा निकाल चार मतांनी फिरतो, मतदानाच्या दिवशी पोरांना न्यायला गावाकडून जीप येते, आणि बाप म्हणतो, नाव हलवलंस तर बघ. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. गावात त्याला रोज राहायचं आहे. पण पोराला-पोरीला पुढची पाच-सहा वर्षं राहायचं आहे ते मोरेवाडीच्या नाहीतर दौलतनगरच्या खोलीत. तिथल्या दिव्याबद्दल आणि शेवटच्या बसबद्दल बापाला काही मागता येणार नाही.